अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) फ्यूजला उलटी-सुलटी बाजू असते का?

जुळे सोलापूरकर
अ‍ॅम्पमागचा काचेचा २० मिमीचा फ्यूज काढून फिरवून बसवला, तर बासरी एकदम मोकळी वाजायला लागली. तार ओढताना धातूचे कण एका अंगाला लोळतात, म्हणून एका बाजूनं वीज सोपी जाते, असं ऑडिओवाले सांगतात. आता बाण छापलेला फ्यूज मागवावा म्हणतो. किंमत काही हजारांत आहे. घेऊ का?

अक्कलकोट रोडचा वायरमन
ओ साहेब, घरात ५० हर्ट्झची एसी येते. सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. तुमचा बाण निम्मा वेळ उलटाच की! डीपीपासून घरापर्यंत आलेल्या तारेवर कुणी बाण काढलाय? त्यापेक्षा अर्थिंग बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग ढिलं पडतं, खड्ड्यात पाणी ओतायचं कुणाच्या ध्यानात नसतं.

रेकॉर्डवेडा
मीटरला कळत नाही ते कानाला कळू शकतं. आणि एसीचं काय घेऊन बसलात? बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पमध्ये एसीची डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरच्या पुढंही फ्यूज असतात, तिथं डीसीच असते, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. सोलरच्या कित्येक डीसी एमसीबींवर (आपोआप पडणाऱ्या स्विचांवर) अधिक-उणे छापलेलं असतं, उलटी जोडली तर पेटू शकते. मग दिशा नाही कशी?

अक्कलकोट रोडचा वायरमन
हा मुद्दा मात्र बिनतोड वाटतो, पण नाही. त्या एमसीबीत चुंबक असतं. संपर्क तुटताना उठणारी ठिणगी ते एका बाजूला ढकलून विझवतं; उलटं जोडलं की ठिणगी भलतीकडं जाते. फ्यूजमध्ये चुंबक कुठाय? नुसती तार. तिचा रोध दोन्ही टोकांकडून तेवढाच, एसी असो की डीसी.

बाळीवेस
फरक ऐकू आला असेलही. फ्यूज काढला-घातला की होल्डरच्या पत्तीवरचा काट घासला जातो. आता परत काढा आणि त्याच बाजूनं घाला, तरी बासरी मोकळीच! स्पीकरच्या वाटेत फ्यूज असेल तर गोष्ट वेगळी: जोरदार बेसला तार तापते, रोध वर-खाली होतो, आवाज बिघडतो, आणि तो बिघाड मोजताही येतो. पण त्याचाही बाजूशी संबंध नाही. बाजू बघायचीच तर दोन पिनांच्या प्लगची बघा. तो उलटा बसला की फ्यूज फेजऐवजी न्यूट्रलवर जातो, कधी कधी हमही (स्पीकरमधली घूंऽऽ अशी घरघर) वाढतो.

जुळे सोलापूरकर
मग खरं-खोटं ठरवायचं कसं?

बाळीवेस
मुलाला नाणं उडवायला सांगा. छापा आला तर फिरवायचा, काटा आला तर काढून तसाच घालायचा. त्यानं वहीत लिहावं, तुम्ही नुसतं ऐकून सांगा. फ्यूज काढण्याआधी प्लग उपसायचा, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्यायचे.

रेकॉर्डवेडा
परीक्षेला बसल्यासारखं संगीत ऐकायचं म्हणजे कान काय लागणार? मी माझा फिरवणार नाही, बसलाय तो बरा बसलाय.

अक्कलकोट रोडचा वायरमन
नका फिरवू. त्यावरचं अक्षर तेवढं वाचा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला बहुधा ‘टी’, म्हणजे सावकाश उडणारा लागतो. तिथं ‘एफ’, म्हणजे झटकन उडणारा घातला तर चालू करतानाच उडतो, आणि मग वैतागून लोक त्याला तांब्याची तार गुंडाळतात.