मदत हवी आहे: ग्रामपंचायतीला उभं राहायचं नाही, नाही कसं म्हणू?
आमचा वॉर्ड यंदा महिला राखीव आहे. दोन्ही पॅनेलवाले मागे लागलेत. माझं किराणा दुकान, दोन्हीकडची उधारी एकाच वहीत. एकाला हो म्हटलं की दुसरा पायरी चढणार नाही. पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणे राजकारण कुठंय!

वेळ नाही म्हणून पाहिलं, तर उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा, कारभार दादा बघतील." तेच तर नकोय. मुलं दोनच, त्यामुळे अपात्रतेची सबबही नाही.

मतदान करते, ग्रामसभेला जाते. बिनविरोधही नको. आता एक पॅनेल निदान सूचक म्हणून, म्हणजे त्यांच्या उमेदवाराचं नाव सुचवणारी म्हणून, अर्जावर सही मागतंय. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी सांगा: नुसती सूचक झाले तरी गावात त्याच पॅनेलची धरतील का? आणि वाईटपणा न घेता दोघांनाही कसं टाळलंत?