जीवनानंद दास: ‘एकांताचा कवी’ ही ओळख त्यांना न्याय देते का?

धागालेखक (पाणवठा)

बंगाली कवी जीवनानंद दास (१८९९–१९५४) यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात त्यांच्या पूर्व बंगालमधील बरिशाल या गावच्या नद्या, धुके, घुबड, त्यांच्या प्रसिद्ध कवितेतली नाटोरची बनलता सेन आणि माणसांपासून दूर राहणारा एक लाजाळू प्राध्यापक एवढाच ऐवज असतो. या चित्राचे मूळ बंगाली कवी-समीक्षक बुद्धदेव बसू यांच्या समीक्षेत आहे. त्यांनी ‘कविता’ या नियतकालिकातून जीवनानंदांची बाजू अनेक वर्षे लढवली आणि त्याच वेळी आपल्या कवींमधील सर्वांत निर्जन कवी अशी त्यांची ओळखही रूढ केली. ती ओळख आता त्यांच्या कवितेच्या आड येते, असे माझे मत आहे.

‘सातटि तारार तिमिर’ (१९४८) या संग्रहातील ‘रात्री’ ही कविता पाहावी. तिच्यात महायुद्धाच्या काळातले कोलकाता आहे आणि त्या शहरात एक कुष्ठरोगी रस्त्यावरच्या हायड्रंटचे पाणी चाटतो आहे. ‘१९४६-४७’ या कवितेत तर दंगलीत मारले गेलेले लोक रक्ताच्या नदीतून उठून आपापली नावे सांगतात; यासीन, हनीफ, मकबूल यांच्यापाठोपाठ गगन, बिपिन, शशी येतात आणि पाथुरियाघाटा, माणिकतला, श्यामबाजार, एंटाली या वस्त्यांची नावे घेतली जातात. ज्याला समाजाशी देणेघेणे नव्हते, तो कवी हे लिहिणार नाही.

प्रतिसाद: सांजवेळ

आपली उदाहरणे खरी आहेत, परंतु ती उशिराची आहेत. जीवनानंदांचे स्थान ‘धूसर पांडुलिपी’ (१९३६) आणि ‘बनलता सेन’ (१९४२) या संग्रहांनी निश्चित केले, आणि तिथला आवाज एकट्या माणसाचाच आहे. रवींद्रनाथांना त्यांच्या ‘मृत्यूर आगे’ या कवितेत चित्ररूपता जाणवली होती. तीही निसर्गाकडे टक लावून पाहणाऱ्या डोळ्यांचीच देणगी होती.

शिवाय हा एकांत समीक्षकांनी कल्पनेने रचलेला नाही. ‘रूपसी बांगला’तील कविता १९३४ मध्ये लिहून झाल्या होत्या आणि त्यांचे पुस्तक निघाले १९५७ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर. कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते ट्रंकांमध्ये पडून राहिली. त्यांच्या हयातीत एकही कादंबरी छापली गेली नाही. स्वतःचे लेखन असे दडवून ठेवणाऱ्या माणसाला एकांतप्रिय म्हटले, तर त्यात अन्याय कोणता?

प्रतिसाद: खडू-फळा

लेखन न छापणे आणि समाजाकडे पाठ फिरवणे, या दोन गोष्टींची आपण सरमिसळ करत आहात. ट्रंकांतून बाहेर आलेल्या गद्यात काय आहे, हेही पाहायला हवे. ‘कारुवासना’मध्ये नोकरी नसलेला, घरात ओझे झालेला सुशिक्षित तरुण आहे आणि ‘माल्यवान’मध्ये मोडत चाललेला मध्यमवर्गीय संसार आहे. म्हणजे जे त्यांनी सर्वांत अधिक लपवले, तेच सर्वांत अधिक ऐहिक होते. १९२८ मध्ये कोलकात्याच्या सिटी कॉलेजातील नोकरी गेली, त्यानंतर दिल्लीच्या रामजस कॉलेजातील काही महिने वगळता १९३५ मध्ये बरिशालच्या ब्रजमोहन कॉलेजात रुजू होईपर्यंत त्यांना स्थिर उत्पन्न नव्हते, आणि फाळणीने ते बरिशालही हातचे गेले. याला स्वभावाचा एकांत म्हणणे मला सोयीचे वाटते. बेकारीने आणि विस्थापनानेही माणूस एकटा पडतो.

प्रतिसाद: सांजवेळ

बसूंनी आपला निर्णय समोर असलेल्या कवितांवरून दिला. चाळीस वर्षांनी उघडणाऱ्या ट्रंका त्यांनी आधीच वाचाव्यात, ही अपेक्षा गैर आहे. ‘शनिबारेर चिठी’ या बंगाली नियतकालिकातून सजनीकांत दास खिल्ली उडवत होते आणि ‘कँपे’ या कवितेवर अश्लीलतेचा आरोप झाला होता, तेव्हा या कवीच्या वेगळेपणाचे मोल ठामपणे सांगणारे बसूच होते. (मराठीत मर्ढेकरांवर अशाच आरोपावरून खटला चालला, इथे प्रकरण टीकेवरच थांबले, एवढा फरक.) आपण ज्याला आड येणारी ओळख म्हणता, ती त्या वेळी ढाल होती.

धागालेखक (पाणवठा)

ढाल होती हे मला मान्य आहे, आणि बसूंच्या ऋणाविषयी वादच नाही. माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. जीवनानंद इतिहासाकडे आणि युद्धाकडे वळले तेव्हा हेच बसू नाराज झाले आणि आपला प्रांत सोडून ते काळाच्या मागणीपुढे झुकत आहेत, असे त्यांना वाटले. कवीला एकदा एकांतात बसवले, की तो उठून बाहेर आला तर तोच चुकला असे ठरते.

स्वतः कवीचे म्हणणेही उपलब्ध आहे. १९५४ च्या ‘श्रेष्ठ कविता’च्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्याला निर्जन, निसर्गाचा, इतिहासाचा, सुररिअलिस्ट (अतिवास्तववादी) असे काय काय म्हटले गेले याची नोंद केली आहे आणि ही बहुतेक वर्णने अंशतः खरी आहेत, काही कवितांना किंवा काही टप्प्यांना लागू पडतात, पण संपूर्ण कवितेचे स्पष्टीकरण म्हणून नाही, असे स्पष्ट सांगितले आहे.

प्रतिसाद: नवा_वाचक

ट्रामच्या अपघाताचा उल्लेख अजून कोणी केला नाही. १४ ऑक्टोबर १९५४ ला अपघात झाला, २२ तारखेला रुग्णालयात मृत्यू झाला; तो अपघात नव्हता असे मानणारे पुष्कळ आहेत. ‘आट बछर आगेर एक दिन’मधील, बायको-मूल असूनही गळफास घेणारा माणूस आठवला की ते पटते.

प्रतिसाद: खडू-फळा

त्या कवितेतल्या माणसाला कवीच्या जागी उभे करणे मला अजिबात मान्य नाही. तिच्या शेवटी निवेदक मेलेल्या माणसाच्या वाटेने जात नाही. तो म्हाताऱ्या घुबडीशी बोलतो आणि जगण्याचे भांडार तिच्यासोबत रिते करून जायचे ठरवतो. ‘सांजवेळ’ यांच्या मतात निदान कवितांचा आधार आहे, या तर्कात तोही नाही.

प्रतिसाद: सांजवेळ

या एका मुद्द्यावर आपण दोघे एका बाजूला आहोत. प्रस्तावनेविषयी मात्र एवढेच म्हणेन की कवीने ‘अंशतः खरे’ म्हटले आहे, खोटे म्हटलेले नाही. आणि नव्या मराठी वाचकाच्या हाती पहिल्यांदा ‘१९४६-४७’ द्यायची की ‘धूसर पांडुलिपी’, असे विचारल्यास माझे उत्तर अजूनही ‘धूसर पांडुलिपी’ हेच आहे.