फुटबॉल मॅनेजर २०२४: पहिल्या सीझनला शील्ड, दुसऱ्याला घरच्या मैदानावर गोलच होत नाहीत

चोडणकरीण:

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये एफसी गोवाची मॅनेजर होऊन खेळतेय. पहिल्या सीझनला लीग शील्ड मिळाली तेव्हा वाटलं, जमलं आपल्याला. आता दुसऱ्या सीझनचे नऊ सामने झालेत. पाच बरोबरीत, त्यातले चार गोलशून्य, आणि ते चारही फातोर्ड्याला, म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर. बाहेर जाऊन जिंकते आणि घरी येऊन अडकते, असं चाललंय.

संध्याकाळी रायबंदरला फेरीबोट धरून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. जेवणं आटपून, भांडी घासून दहाला लॅपटॉप उघडते. बारापर्यंत दोन सामने होतात. दिवसाकाठी माझे म्हणून एवढेच दोन तास, आणि त्यात बघायचं काय, तर आपल्या विंगरने कडेवरून आत मारलेला चौदावा क्रॉस त्यांच्या स्टॉपरने (मधल्या डिफेंडरने) डोक्याने बाहेर काढला.

फॉर्मेशन ४-२-३-१. पुढे अॅडव्हान्स्ड फॉरवर्ड (सतत पुढेच राहणारा स्ट्रायकर), त्याच्या मागे शॅडो स्ट्रायकर (मागून आत घुसणारा), डावीकडे इनसाइड फॉरवर्ड (कडेवरून आत वळणारा), उजवीकडे विंगर, मागे दोन्ही बाजूंना विंग-बॅक (कडेने वर चढणारे डिफेंडर). या सहाही जणांची ड्युटी अटॅक, म्हणजे सगळ्यांनी पुढेच जायचं. मधल्या दोघांत एक डीप-लाइंग प्लेमेकर (मागे राहून पास देणारा), एक बॉक्स-टू-बॉक्स (दोन्ही गोलांपर्यंत धावणारा). मेंटॅलिटी अटॅकिंग, टेम्पो सगळ्यात वर, रुंदी वाढवलेली, लवकर क्रॉस चालू, दोन्हीकडून ओव्हरलॅप (विंग-बॅकने बाहेरून पुढे धावणं) चालू. पहिल्या वर्षी याच सेटअपने लोकांना धुऊन काढलं होतं, म्हणून हात लावायला धीर होत नाही.

घरच्या सामन्यात सरासरी १८ शॉट, टार्गेटवर चार, एक्सजी (संधी बघता किती गोल व्हायला हवे होते तो आकडा) कसाबसा एकच्या आसपास. म्हणजे मारतो पुष्कळ, पण लांबून नाहीतर गर्दीतून. माझा स्ट्रायकर १.७४ मीटर. समोरचे स्टॉपर म्हणजे दोन दारं. साठ मिनिटं झाली की मी वैतागून व्हेरी अटॅकिंग करते. परवा त्याचं फळ म्हणून ८८व्या मिनिटाला काउंटरवर गोल खाल्ला आणि हरले.

बाबा शेजारी बसून बघतात. गेममधलं त्यांना काही कळत नाही, पण गावच्या टीमचे ते बारा वर्षं स्टॉपर होते. परवा म्हणाले, "सगळेच भितर कित्याक धांवतात गो? बॉल दिवपाक भायर कोण उरलो?" म्हणजे सगळेच आत का धावतात, बॉल द्यायला बाहेर कोण उरलं? मी म्हटलं, बाबा, हा गेम आहे. पण मग रात्री झोप लागेना.

मेंटॅलिटी बदलू, रोल बदलू, की जानेवारीत उंच स्ट्रायकर आणू? मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात आणि माझे चार ठरलेले आहेत, म्हणजे कोणाला तरी बसवावं लागणार.

पणजी_काउंटर:

ताई, उंच माणूस आणा आणि क्रॉस चालू ठेवा. मी १.९२ वाला आणला, डोक्याने अकरा गोल मारले. एवढा विचार करायचा गेम नाही हा.

माशेल_नंबर६:

अकरा गोल किती सामन्यांत, तेही सांगा की राव.

चोडणकरीण, पैसे खर्च करू नका आणि तुमच्या बाबांना असिस्टंट मॅनेजर करा. चेष्टा नाही. सगळा घोळ त्यांनी एका वाक्यात सांगितलाय.

पहिल्या वर्षी समोरचे तुमच्याशी खेळायला येत होते. शील्ड मिळाली की क्लबची रेप्युटेशन वाढते, आणि मग फातोर्ड्याला येणारा प्रत्येक जण एक पॉइंट घेऊन घरी जायच्या तयारीने येतो. दहा माणसं बॉक्ससमोर (गोलपुढच्या चौकटीसमोर), डिफेन्सची ओळ पार गोलजवळ. बाहेरच्या सामन्यांत तुम्ही जिंकता, कारण तिथे तेच पुढे येतात आणि मागे मैदान मोकळं सोडतात. तुमची टॅक्टिक त्या मोकळ्या मैदानावर जगते. घरी ते मिळतच नाही, आणि तुम्ही उपाशीपोटी आणखी जोरात धावता.

मेंटॅलिटीच्या नावावर जाऊ नका. अटॅकिंग म्हणजे जास्त गोल असं काही नसतं. धोका जास्त घ्या आणि घाई करा, एवढाच त्याचा अर्थ. ती वर नेली की टेम्पो, पास किती सरळ पुढे मारायचा, रुंदी, डिफेन्सची लाइन, सगळंच आपोआप वर सरकतं. त्यावर तुम्ही टेम्पोची पट्टी परत टोकापर्यंत ओढलीय. आमटीत मीठ दोनदा पडलं. साठाव्या मिनिटाला व्हेरी अटॅकिंग करता तेव्हा तिसऱ्यांदा.

मी काय करीन ते सांगतो. बॅलन्स्ड. फार तर पॉझिटिव्ह. टेम्पो मधोमध आणा. लवकर क्रॉस बंद, १.७४ च्या माणसाला हवेत कशाला मारामारी करायला लावताय? त्याला डीप-लाइंग फॉरवर्ड करा, ड्युटी सपोर्ट. तो बॉल घ्यायला खाली येईल, त्यांचा एखादा स्टॉपर त्याच्यामागे दोन पावलं येईल. तेवढी दोन पावलं शॅडो स्ट्रायकरला पुरतात. शॅडो स्ट्रायकरची ड्युटी अटॅकच राहू दे, त्याला दुसरी नसतेच.

दोन्ही बाजूंनी एकदम चढाई नको. डावीकडे इनसाइड फॉरवर्ड आत जातोय, तर डावा विंग-बॅक अटॅकवर ठेवा, कडेची रेषा तो धरील. उजवीकडे विंगर आणि विंग-बॅक दोघेही सपोर्टवर. विंगरने नुसतं रेषेला चिकटून उभं राहायचं, म्हणजे त्यांच्या फुलबॅकला आत सरकता येणार नाही. बॉक्स-टू-बॉक्सला काढून साधा सेंट्रल मिडफिल्डर, ड्युटी डिफेंड. मग तुमचा प्लेमेकर बॉक्सच्या तोंडाशी मोकळा उभा राहील आणि बाहेर आलेला बॉल परत आत जाईल. बाबांनी विचारलेला "भायर कोण उरलो" तो हाच.

आणि सगळं एका रात्रीत बदलू नका. नवे रोल अंगवळणी पडायला ट्रेनिंगचे काही आठवडे लागतात, तोवर पास चुकणारच. एकदा तरी हायलाइट्स सोडून पूर्ण सामना बघा. मी वर्षभर नुसत्या मोजक्या हायलाइट्स बघून स्वतःला कोच समजत होतो. हायलाइटमध्ये शॉट दिसतो. त्याआधीची चार मिनिटं आपली माणसं कुठे उभी होती ते दिसत नाही, आणि चूक सगळी तिथेच असते.

फातोर्डा_ईस्ट:

वरचं सगळं बरोबर. मी दुसऱ्या बाजूने सांगतो.

१४ एप्रिल २०२१. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) ग्रुपमधला एफसी गोवाचा पहिलाच सामना, समोर कतारचा अल रय्यान, त्यांचे कोच लॉरां ब्लां. सामना फातोर्ड्याला असून कोविडमुळे स्टँड रिकामे. मडगावात राहून मी तो टीव्हीवर बघितला, हे दुःख वेगळंच. गोलशून्य सुटला. ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला पहिला पॉइंट तो. धीरज सिंग गोलमध्ये, आणि त्याच्यासमोर आपली पोरं दोन ओळी करून उभी, मधली जागा इतकी कमी की बॉल बाजूलाच जात राहिला.

त्या रात्री आपण टाळ्या वाजवल्या. तुमच्या गेममध्ये तुम्हीच अल रय्यान झालाय, एवढंच!

आता त्याच स्पर्धेतलं दुसरं. मोठ्या टीमविरुद्ध आपण गोल कसा केला? इराणच्या पर्सेपोलिसच्या सामन्यात आपल्या ब्रँडनची फ्री किक आणि एदू बेदियाचं हेडर. सामना २-१ ने गेला, पण तो गोल चालत्या खेळातून झाला असता असं मला वाटत नाही. या गेममध्ये सेट पीसची (कॉर्नर, फ्री किक वगैरेंची) व्यवस्था नव्याने केलेली आहे, सेट पीस कोच मिळतो, तिथे एक संध्याकाळ घाला. तुम्हाला घरच्या सामन्यात कॉर्नर किती मिळतात? आठ-दहा तरी असणार. ते सगळे डिफॉल्टवर मारत असाल तर फुकट चाललेत.

जाता जाता: कोच लोबेरांनी घडवलेल्या गोव्याच्या टीमने २०१९-२० मध्ये लीगच्या १८ सामन्यांत ४६ गोल केले. तेव्हाही लोक म्हणायचे, हे नुसते अटॅक करतात. स्टँडमधून बघणाऱ्याला दिसायचं की अर्धा वेळ बॉल मागेच फिरतोय, समोरचा कंटाळून पुढे येईपर्यंत.

डिचोली_मोबाइल:

मी मोबाइलवर ईफुटबॉल खेळतो, आमच्याकडे एवढे रोल नाहीत. पण तीच गोष्ट. क्विक काउंटर लावून खाली बसलेल्या टीमसमोर डोकं आपटत होतो, पझेशन गेम (बॉल ताब्यात ठेवून खेळणं) केल्यावर सुटलो. फक्त त्याला शॉर्ट पास चांगला असलेले मिडफिल्डर लागतात, नाहीतर आपल्याच हाफमध्ये बॉल जातो.

चोडणकरीण:

दहा दिवसांनी लिहितेय, क्षमस्व. मधले दोन दिवस लाईट नव्हती आणि लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची.

आधी पूर्ण सामना बघितला, जुन्या सेटअपचा. ३४व्या मिनिटाला पॉज केलं. बाबांनी अंगणातल्या पोत्यातून काजूच्या बिया आणल्या आणि स्क्रीनवर जसे ठिपके तशा जमिनीवर मांडल्या. त्यांचे भाजलेले गर, आपल्या साध्या बिया. (गर आईने नंतर खाल्ले.) बॉक्समध्ये आपल्या सहा बिया, त्यातल्या चार एका ओळीत, एकमेकींना खेटून. बॉल उजव्या विंगरकडे, आणि त्याने मागे द्यायचा म्हटलं तर सगळ्यात जवळचा आपला माणूस सेंटर सर्कलपाशी.

मला रोजची फेरीबोट दिसली. धक्का जवळ आला की सगळ्या स्कूटर पुढे येऊन फळीला खेटतात. फळी पडली तरी पहिले दोघे हलेपर्यंत बाकीच्यांनी नुसता हॉर्न वाजवायचा. माझे अठरा शॉट म्हणजे ते हॉर्न.

बाबांनी एक बी उचलून बॉक्सच्या बाहेर, अर्धवर्तुळाच्या टोकाला ठेवली आणि म्हणाले, "हांगा बेटो." इथे बेटो. कोच आर्मांदो कुलासोंच्या धेंपो क्लबात स्ट्रायकर रँटी मार्टिन्स पुढे असायचा आणि त्याच्यामागे बेटो. बाबा फातोर्ड्याला रँटीसाठी जायचे आणि घरी येऊन बेटोबद्दल बोलायचे, हे मला लहानपणापासून आठवतं. का, ते आत्ता कळलं.

मग माशेलकरांनी सांगितलं तसं एकेक बदललं. बॅलन्स्डवर क्लिक करताना हरल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिला सामना १-१, पास चुकत होते. दुसरा घरी, २-०. त्यातला पहिला गोल सांगते, कारण तो मी सात वेळा बघितला. ४१वं मिनिट, बॉल डावीकडे बराच वेळ इकडून तिकडे, मला जांभई आलेली. स्ट्रायकर खाली आला, त्यांचा स्टॉपर मागोमाग. दोन पावलं, अगदी दोनच. स्ट्रायकरने बॉल न थांबवता प्लेमेकरला दिला, त्याने त्या फटीतून आत, आणि शॅडो स्ट्रायकर एकटा गोलकीपरसमोर. शॉट पूर्ण सामन्यात अकराच, पण एक्सजी १.८.

तिसरा १-०, घरीच, कॉर्नरवर. फातोर्डा_ईस्ट, तुमचे आभार. जवळच्या खांबापाशी एकाला पाठवून मागच्या स्टॉपरला मोकळं केलं.

चौथा बाहेर, आणि ०-२ हरले. तेच सावकाश खेळणं घेऊन गेले आणि त्यांनी पुढे येऊन आपल्या गोलजवळच दाबलं. आपल्या सेंटर-बॅकच्या पायातून बॉल काढून दोन गोल. हे कसं निस्तरायचं?

माशेल_नंबर६:

जुनी टॅक्टिक डिलीट केली नाहीत ना? एकदम तीन टॅक्टिक लोड करता येतात आणि तिन्हींचं ट्रेनिंग चालू राहतं. नवी पहिल्या स्लॉटमध्ये, घरासाठी. जुनी दुसऱ्यात, बाहेरच्यासाठी, पण टेम्पो दोन पायऱ्या खाली आणून आणि एक विंग-बॅक सपोर्टवर करून. समोरचा वर येऊन दाबतोय तर त्याच्या मागे जागा आहे, तिथे तुमचा १.७४ पळू दे की. तिसरा स्लॉट शेवटची दहा मिनिटं आघाडी राखायला.

काजूच्या बियांची आयडिया मी आमच्या पोरांच्या टीमला वापरतोय. खऱ्या टीमला.

चोडणकरीण:

डिलीट नाही केली, धीर होत नव्हता म्हटलं ना. शनिवारी बाहेरचा सामना आहे, त्यात दुसरा स्लॉट लावते. बाबांचं म्हणणं उजव्या विंगरलाही बदल, तो आळशी आहे. ठिपका आळशी कसा दिसतो ते मात्र ते सांगत नाहीत.