मंडळाची खोली बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी उघडायची आहे, काय करावं?

पर्वतीपायथा:
आमच्या गणेश मंडळाचं कार्यालय म्हणजे बारा बाय वीसची खोली. उत्सवाचे दहा दिवस सोडले तर आत फक्त ढोल आणि ताडपत्र्या.

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात 19 वर्षांचा एक मुलगा काम करतो. 18 पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडला, थोडे दिवस मित्राच्या खोलीवर काढले, मग बरेच दिवस स्वारगेट स्टँडवर झोपला. आता मालकानं दुकानाच्या माळ्यावर जागा दिली आहे. सोमवारी दुकान बंद असतं. मागच्या सोमवारी तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत आमच्या कार्यालयाच्या पायरीवर बसून होता. विचारलं तर म्हणाला, "काका, सुट्टीला कुठं जायचं तेच कळत नाही."

त्याच्यासोबतची चार मुलं हडपसर, चाकण अशी पांगली आहेत. या सगळ्यांना एकत्र बसता यावं म्हणून खोली उघडायची आहे. किल्ली मी सांभाळीन. कमिटीतले म्हणतात, चोरी झाली तर जबाबदार कोण? आणि मला खरंच माहीत नाही की आत काय ठेवावं.

जाई_समाजकार्य:
आधी एक काम करा. मुलांना जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात घेऊन जा. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 46 आहे, संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आधार देण्याचं. हे अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, साधारण वयाच्या 21 पर्यंत मिळतं, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. अनाथ प्रमाणपत्र आहे का तेही विचारा, कारण आपल्या राज्यात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे. मुलांना हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलींचाही विचार करा. संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात त्या येणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवा, आणि त्या वेळी तिथे बाईमाणूस हवंच.

भोसरीचा_फिटर:
काका, मी स्वतः बालगृहातला. आता 27 वर्षांचा आहे.

बाहेर पडताना मला एक पत्र्याची पेटी, दोन ड्रेस आणि कागदांची फाईल मिळाली. आत सगळं घंटेवर चालायचं: उठायचं, जेवायचं, झोपायचं. पैसे हातात कधी आलेच नव्हते. पहिला पगार नऊ दिवसांत संपला, कसा ते आजही सांगता येणार नाही. फाईल उशाला घेऊन स्टेशनवर झोपायचो, एका रात्री तीच गेली. दहावीचा दाखला पुन्हा काढायला आठ महिने गेले. खोली भाड्यानं मागायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "गावाकडचा पत्ता काय?" माझ्या आधारवर बालगृहाचा पत्ता. तो वाचला की घरमालकाचा आवाजच बदलायचा.

म्हणून सगळ्यात आधी लोखंडी कपाट आणा, प्रत्येकाला कुलपाचा वेगळा खण. चोरीची भीती तुमच्या कमिटीपेक्षा या मुलांना जास्त असते.

मग गॅस, कुकर, मिसळणाचा डबा. मला विसाव्या वर्षापर्यंत डाळीला मीठ किती लागतं ते माहीत नव्हतं. शिकवायचा वर्ग घेऊ नका, सोबत शिजवा. शेजारच्या एखाद्या काकूंनी "जेवलास का?" एवढं विचारलं तरी मुलगा पुढच्या सोमवारी परत येतो.

बाहेर "निराधार मुलांसाठी" असा फलक लावू नका, हात जोडून सांगतो. चादर देताना फोटो काढू नका. लहानपणी आम्ही दर देणगीदाराबरोबर फोटोत उभे राहिलो आहोत. त्यांना ढोल पथकात घ्या, मांडवाचे बांबू बांधायला लावा, वर्गणीचं पुस्तक हातात द्या. पावतीवर त्यांची सही असू द्या.

आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खोली उघडी ठेवा. बालगृहात असताना दिवाळीला फराळाचे ढीग यायचे. बाहेर पडल्यावरच्या पहिल्या दिवाळीत माझी मेस बंद होती आणि सोबतचे कामगार गावी गेले होते. मी पीएमटीच्या बसमधून या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिलो, कारण बसमध्ये दिवे आणि माणसं होती.

दर सोमवारी मला सुट्टी नसते, पण महिन्यातून एकदा नक्की येईन. निरोप धाडा.

पर्वतीपायथा:
दादा, तुमचं लिहिणं कमिटीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. खजिनदार बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कपाटाचे पैसे मी देतो. सध्या सोमवारी दुपारी चार ते रात्री नऊ असं ठरलंय. जाईताई, पुढच्या आठवड्यात बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातोय, मुलींच्या वेळेबद्दल पत्नीशी आणि वाड्यातल्या दोघींशी बोलतो.

जुन्या बाजारातून सहा खणांचं कपाट आणलं. कुठला खण हवा विचारलं तर पोरानं सगळ्यात खालचा मागितला. त्यात फाईल ठेवली, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. दादा, पहिल्या वेळी कधी येताय ते कळवा, कुकर त्या दिवशी लावू.