जेम्स व्हेल : फटकळ की नुसताच उर्मट?

निशाचर
ब्रिटिश रेडिओ निवेदक जेम्स व्हेल ऑगस्ट २०२५ मध्ये गेला, ७४ वर्षांचा होता. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळात एकच वाद चालू आहे, तो इथे मांडतो.

२००३ ते २००७ मी लीड्सला राहायचो आणि मँचेस्टरजवळच्या एका गोदामात दुसऱ्या पाळीला जायचो. रात्री अकराला सुटलो की एम ६२ या महामार्गावरून घरी. गाडीत जुना रेडिओ, मध्यम लहरींवर १०८९ ला टॉकस्पोर्ट. पुलाखालून गाडी गेली की आवाज क्षणभर बुडायचा आणि पलीकडे निघालो की व्हेल अजून त्याच माणसाशी भांडतच असायचा. दिवसभर फुटबॉलचं दळण दळणाऱ्या स्टेशनवर हा गडी रात्री कर, तुरुंग, देव, लग्न, कशावरही बोलायचा. हे स्टेशन १९९५ साली टॉक रेडिओ यूके म्हणून सुरू झालं. २००० मध्ये ते खेळांकडे वळलं तेव्हा जुन्यांपैकी बहुतेकांना नारळ मिळाला, हा टिकला.

सुरुवात लंडनच्या टॉपशॉप दुकानात गाणी लावण्यापासून. १९७४ पासून न्यूकॅसलच्या मेट्रो रेडिओवर रात्रीचा फोन-इन, म्हणजे श्रोत्यांनी फोन करून बोलायचा कार्यक्रम. तेव्हा ब्रिटनमध्ये खासगी रेडिओला जेमतेम वर्ष झालं होतं. एलबीसी हे लंडनचं खासगी स्टेशन सुरू झालं ऑक्टोबर १९७३ मध्ये. मग लीड्सचं रेडिओ एअर. तिथल्या स्टुडिओत १९८९ मध्ये कॅमेरे आणून हाच प्रकार टीव्हीवरही दाखवायला लागले.

माझं म्हणणं एवढंच : तो ज्याच्याशी भांडायचा त्याला बरोबरीचा समजायचा. परक्या देशात मला सगळे गोड बोलायचे आणि कुणी जवळ करायचं नाही. ब्रिटिश माणसं आपापसात मनातलं कसं बोलतात ते मला त्याच्यामुळे कळलं.

रानजाई
पूर्णपणे असहमत. मी इथल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर तीन वर्षं हौसेने काम केलंय. निवेदकाच्या पुढ्यात फोनचा फेडर असतो, सरकवायची एक पट्टी. ती बोटभर खाली ओढली की पलीकडचा माणूस गप्प. तो बिचारा घरी फोन कानाला लावून बोलतच असतो आणि त्याच्याबद्दलचं शेवटचं वाक्य निवेदक बोलतो. पट्टी एकाच्याच हातात असताना बरोबरी कसली?

व्हेल लोकांना मूर्ख म्हणून फोन कापायचा, आणि त्याची ख्याती त्यावरच उभी होती. रात्री साडेबाराला रेडिओला फोन कोण करतं? ज्याला झोप येत नाही, ज्याच्या घरी बोलायला कुणी नाही, तो. एकट्या माणसाला हजारोंसमोर अपमानित करायचं आणि त्याला रोखठोकपणा म्हणायचं, हे मला पटत नाही.

सरळरेघ
रानजाई, फोन करणाऱ्याला काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असायचं. तरी लोक रांगेत थांबायचे. ते भांडायलाच यायचे हो.

माझा आक्षेप वेगळा आहे. मार्च २००८ मध्ये, लंडनच्या महापौरपदाच्या निवडणुकीआधी, त्याने श्रोत्यांना थेट सांगितलं की बोरिस जॉन्सनला मत द्या. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्राला हे चालतं, रेडिओ-टीव्हीला नाही. परवान्याबरोबर निःपक्षपातीपणाचं बंधन येतं. टॉकस्पोर्टने त्याला काढलं आणि ऑफकॉम या नियामकाने स्टेशनला २०,००० पौंड दंड केला. चौतीस वर्षं माइकपुढे काढलेल्या माणसाला हा नियम माहीत नव्हता असं कोण म्हणेल? निशाचर म्हणतात तसं मनातलं बोलणं ठीक, पण मत कुणाला द्या हे सांगणं म्हणजे लोकांनी दिलेल्या कानांचा गैरवापर. त्याची हकालपट्टी योग्यच होती.

निशाचर
२००८ चं मान्य, तिथे तो चुकला. पण त्याच वर्षी एलबीसीने त्याला घेतलं आणि २०१३ पर्यंत ठेवलं. नुसत्या शिवीगाळीवर कुणी इतकी वर्षं ऐकत नाही.

माहेरवाशीण
मी त्याचा कार्यक्रम फारसा ऐकलेला नाही, लीसेस्टरला राहते. पण माझ्या सासऱ्यांना लघवीतून रक्त गेलं तेव्हा ते आठवडाभर कुणाला बोलले नाहीत. ‘उष्णतेमुळे असेल’ म्हणून धण्याचं पाणी पीत बसले. शेवटी माझ्या नवऱ्याने तपासणीला नेलं. मूत्रपिंडात गाठ निघाली, एक मूत्रपिंड काढावं लागलं. त्या काळात आम्ही माहिती शोधत होतो, तेव्हा व्हेलचं नाव समोर आलं. त्याचं स्वतःचं एक मूत्रपिंड २००० साली कर्करोगामुळे काढलेलं, आणि २००६ मध्ये त्याने या रोगासाठी धर्मादाय संस्था काढली. सासरे घरातल्यांशीसुद्धा या विषयावर बोलायचे नाहीत, आणि हा माणूस चारचौघांत बोलत होता. २०२० मध्ये रोग उलटला, मेंदूपर्यंत पसरला, तरी तो रेडिओवर येत राहिला, वर्तमानपत्रात आजाराबद्दल लिहीत राहिला. त्या फटकळ तोंडाचा आमच्या घराला उपयोग झाला, हे मी विसरणार नाही.

रानजाई
माहेरवाशीण, सासऱ्यांना नमस्कार सांगा. त्या कामाबद्दल मलाही आदर आहे, २०२४ मध्ये व्हेलला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला त्यात त्या कामाचाही वाटा होता.

पण २०१८ सुद्धा विसरू नका. टॉकरेडिओ या दुसऱ्या स्टेशनवर एक लेखिका स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगत होती आणि हा ज्या तऱ्हेने वागला ते पाहून लोक संतापले. स्टेशनने त्याला निलंबित केलं. स्वतःच्या दुखण्याबद्दल मोकळं बोलणारा माणूस दुसरीचं दुखणं समोर आल्यावर असा वागतो, याचं उत्तर मला निशाचर यांच्याकडून हवंय. एम ६२ वर गाडीत बसून ऐकताना गंमत वाटली असेल, त्या खुर्चीत समोर बसलेलीला काय वाटलं असेल?

निशाचर
याचं समर्थन मी करणार नाही. ते प्रकरण घडलं तेव्हा मी पुण्यात परतलो होतो, नंतर वाचलं आणि वाईट वाटलं.

तरी तुमची पट्टीची गोष्ट मला पूर्ण पटलेली नाही. फोन कापला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायचा, मी स्वतः ऐकलंय. तोच आवाज, तोच हेका. अपमान झाला असता तर तो परत आला असता का?

रानजाई
आला असता. बोलायला दुसरं कुणीच नसेल तर माणूस येतो. आमच्याकडेही एक आजोबा दर मंगळवारी फोन करायचे, मी त्यांना कधी कापलं नाही, आणि ते दर वेळी आधी विचारायचे, “आज किती मिनिटं आहेत?”