शब्दचर्चा : पराशय की लंबन?

ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या युरोपच्या गाया अवकाश दुर्बिणीवरचा एक लेख तपासताना 'ताऱ्यांचे पराशय' वाचलं, आणि पुढच्याच परिच्छेदात 'लंबन'. दोन्ही एकच का?

— अर्थ एक, घराणी दोन. पाहण्याची जागा बदलली की तारा किंवा चंद्र जेवढ्या कोनातून सरकलेला दिसतो, तो हा कोन. पराशय विश्वकोशातला, लंबन जुन्या भारतीय ज्योतिर्गणिताच्या सिद्धान्तग्रंथांतलं. सूर्यसिद्धान्तात ग्रहणाच्या गणितात लंबन आणि नति अशी जोडी येते. पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठावरून पाहिल्यामुळे चंद्र जो किंचित सरकलेला दिसतो, त्यातला क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या) दिशेचा भाग लंबन, त्याला काटकोनातला नति. तिथे पाया, म्हणजे पाहण्याच्या दोन जागांमधलं अंतर, पृथ्वीच्या त्रिज्येचा, सुमारे ६,४०० किमी. ताऱ्यांना एवढ्यानं काय होतंय! त्यांच्यासाठी पृथ्वी-सूर्य अंतराचा, म्हणजे १५ कोटी किमीचा पाया घ्यावा लागतो. तरीही सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमाचा पराशय जेमतेम ०.७७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). १ ला त्यानं भागा, अंतर १.३ पार्सेक येईल (पराशय १ विकला असतो ते अंतर म्हणजे १ पार्सेक), म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षं. म्हणून मी ग्रहणाला लंबन आणि ताऱ्यांना पराशय लिहितो. हिंदीत दोन्हीकडे लंबनच चालतं, लेखातली सरमिसळ तिथूनच आली असावी.

— गायाच्या यादीत 'ऋण पराशय' पण आहेत म्हणे. उणे अंतर?

— अंतर उणे नाही, मोजणीतली त्रुटी पराशयापेक्षा मोठी. दूरच्या, मंद ताऱ्यांचा खरा कोन शून्याला टेकलेला असतो, त्यामुळे मोजलेला आकडा कधी शून्याच्या खाली जातो. असे आकडे मुद्दाम ठेवतात. नुसते उणे तेवढे वगळले तर उरलेल्यांची सरासरी फुगते. मात्र त्यांना '१ भागिले पराशय' लावायला जाऊ नका.

— लेखात 'आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचा नकाशा' असं असेल तर तेही खोडा. २०२२ च्या सूचीत सुमारे १८० कोटी तारे आहेत, म्हणजे एकूण ताऱ्यांच्या एखाद-दोन टक्के. आणि 'मोजते आहे' नको, 'मोजले' हवं. मार्च २०२५ मध्ये दुर्बीण बंद केली.

— 'निजगती' किमी दर सेकंदात देणारेही बरेच भेटतात. निजगती म्हणजे तारा आकाशात वर्षाला किती कोन सरकला ते. बर्नार्डच्या ताऱ्याची साधारण १०.३ विकला, ज्ञात ताऱ्यांत सर्वाधिक. तिचे किलोमीटर करायचे तर आधी अंतर लागतं, म्हणजे पुन्हा पराशयच.