पुस्तकांच्या मांडणीतच करिअर करायचंय, पुढे काय शिकू? शनिवारच्या आत मदत हवी आहे

पानोपानी
मला पुस्तकं आणि मासिकं यांच्या मांडणीचंच काम करायचंय. एका खासगी संस्थेत ग्राफिक डिझाइनचा दीड वर्षाचा कोर्स मिळतोय, फी ३ लाख ४० हजार. शनिवारपर्यंत २५ हजार टोकन भरायचंय. घेऊ का? याहून चांगलं काही असेल तर प्लीज लवकर सांगा, बाबा रोज विचारतायत.

गिरगावकर
डोळे झाकून मुंबईचं जेजे, म्हणजे सर जे. जे. उपयोजित कला संस्था. बारावीनंतर चार वर्षांची बीएफए, म्हणजे कलेतली पदवी. अक्षरावर हात तिथे बसतो तसा कुठेच बसत नाही. माझा भाचा तिथलाच.

कावेरीकाठ
पदवी कशात झालीय? सध्या काय करतेस? आणि त्या कोर्समध्ये टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची निवड आणि मांडणी, किती आहे, ते विचारलंस का?

पानोपानी
सॉरी, लिहायचं राहिलं. बीए मराठी, २०२२. नाशिकला दोन वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम, करतेय: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दोन कवितासंग्रह. माहितीपत्रकात लोगो, पॅकेजिंग, सोशल मीडिया, अ‍ॅपचे स्क्रीन. टायपोग्राफी एका ओळीत उरकलीय. पुस्तक हा शब्दच नाही.

कावेरीकाठ
मग ते पैसे भरू नकोस. पदवीधर आहेस, सीड (CEED) दे, ती डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा. पवईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, तिथे कम्युनिकेशन डिझाइनमध्ये (आधीचं नाव व्हिज्युअल कम्युनिकेशन) दोन वर्षांचं एमडेस, म्हणजे डिझाइनमधलं मास्टर्स, करता येतं. सीडला कुठल्याही शाखेची तीन वर्षांची पदवी चालते, वयाची अट नाही; आयडीसीच्या प्रवेशाला तुझी पदवी चालते का, ते मात्र त्यांच्याकडून तपासून घे. परीक्षा जानेवारीत, अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात. अहमदाबादच्या एनआयडीतही (राष्ट्रीय डिझाइन संस्था) ग्राफिक डिझाइनचं एमडेस आहे, त्यांची परीक्षा वेगळी.

गिरगावकर
पदवी झालीय हे आधी लिहायला हवं होतं, ताई. तरी जेजेचा पाया तो पायाच. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट ज्यांनी रेखाटला ते र. कृ. जोशी जेजेचेच.

कावेरीकाठ
आणि नंतर अनेक वर्षं त्यांनी आयडीसीत शिकवलं. पण प्रश्न तिच्या पुढच्या दोन वर्षांचा आहे हो.

फर्मा१६
मी तीस वर्षं ऑफसेट छपाईत आहे. आधी छापखान्यात सहा महिने उभी राहा, मग कॉलेजचं बघ. गेल्या वर्षी एक डिझाइनर मुखपृष्ठ घेऊन आला, फार देखणं काम. पण पुस्तकाचा कणा मोजताना कागदाची जाडी धरलीच नव्हती. बांधल्यावर लेखकाचं नाव कण्यावरून मलपृष्ठाकडे सरकलं. हजार मुखपृष्ठं पुन्हा छापली. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, उभा की आडवा, हे पडद्यावर दिसत नाही. घडी घालून बघावी लागते, ग्रेनच्या विरुद्ध घातली की घडीवर कागद तडकतो.

कावेरीकाठ
हे शिकायलाच हवं. पण नुसत्या छापखान्यात बसून पानाची रचना का तशी करायची ते कळत नाही, काका. मी दोन्ही केलंय.

फर्मा१६
काही कॉलेजवाल्यांना सोळा पानी फर्मा, म्हणजे सोळा पानं छापलेला एक मोठा कागद, कसा दुमडतात तेही सांगता येत नाही, त्याचं काय?

शुद्धमुद्रण
@पानोपानी, कवितासंग्रह कोणत्या फाँटात केलेस?

पानोपानी
दुकानात सगळं श्रीलिपीत, त्या जुन्या मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरात. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं.

शुद्धमुद्रण
आजपासून युनिकोडवर ये, त्यात मजकूर कुठल्याही मशीनवर मराठीच राहतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्यांना लागणारी सोय चालू कर, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते. आणि परिच्छेदाची भाषा मराठी निवड. फाँटात सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. मराठी पुस्तकात हिंदी वळणाचा ल दिसला की मला पुढे वाचवत नाही.

फर्मा१६
श्रीलिपीवर निम्मा महाराष्ट्र छापून झालाय. आमच्याकडे आजही निम्म्या फाइली त्यातच येतात.

शुद्धमुद्रण
येतात, आणि त्यांचं ई-पुस्तक करायचं म्हटलं की सगळा मजकूर आधी बदलून घ्यावा लागतो. दोनशे पानांच्या कादंबरीची जोडाक्षरं मी आठ दिवस तपासत बसले होते.

पानोपानी
टोकन भरत नाही, बाबांना सांगितलं. सीडची तयारी करते आणि रविवारी इथल्याच एका छापखान्यात जायचं विचारलंय. पण सीडला चित्रकला लागते ना? माझा हात कच्चा आहे. आणि पोर्टफोलिओत पत्रिका दाखवू का?

कावेरीकाठ
भाग ब मध्ये रेखाटन असतं. सुबकपेक्षा कल्पना स्पष्ट दिसली पाहिजे, रोज अर्धा तास बसच. पत्रिका एखादीच ठेव. त्यापेक्षा कवितासंग्रह पुन्हा मांड. एकच कविता तीन तऱ्हांनी, खऱ्या मापात, ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो कागदावर छापून, शिवून. मुलाखतीत ते हातात देता येईल.

पानोपानी
पहिल्या संग्रहात पान ३४ वरच्या कवितेची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली होती. कवी काही बोलले नाहीत, पण मला ती अजून खुपते. तिथूनच सुरू करते.

फर्मा१६
डमी, म्हणजे ती नमुना प्रत, झाली की घडीचा फोटो टाक. ग्रेन बघतो.